खाली कोण हाय?

मी व्हॉल्वची पूजा केली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला काही उरत नाही. आठवीच्या वर्गाला तीस वर्षं शास्त्र शिकवलेली बाई मी. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हे फळ्यावर लिहून लिहून माझा उजवा खांदा उतरला. आणि त्याच बाईनं दसऱ्याच्या सकाळी आपल्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागं नव्यानं बसवलेल्या पोलादी तोंडांवरची लाल टोपणं काढली, कारण टोपी घालून कोणी पूजेला बसतं का? त्या उघड्या तोंडांना कालवलेलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वरून झेंडूचं एकेक फूल टेकवलं. तेव्हा मी अवघी अठ्ठावन्न वर्षांची होते. त्या वयात अक्कल कुठून असणार?

पूजा झाली, फुलं काढली, ट्रॉलीचा पाईप त्याच तोंडात खटकन बसवला आणि ट्रॅक्टर सुरू करून दांडी ओढली. ट्रॉली छान वर गेली. मग दांडी उलटी केली, तर ट्रॉली वरच. पुन्हा केली, तरी वरच. आमचं घर शेतातच, दारव्ह्याच्या रस्त्याला लागून. सोनं वाटायला निघालेला प्रत्येक माणूस थांबून बघायचा. एकानं तर गाडी उभी करून विचारलं, "काहून वो बाई, ट्रॉली वाळू घातली काय?"

हा व्हॉल्व ज्यांनी बसवला त्यांना पंचक्रोशीत 'हाड्रोलिक' म्हणत. खरं नाव विचारलं तर लोक डोकं खाजवत. दारव्ह्याच्या जीप स्टँडमागं त्यांची एक खोली होती, दुकान म्हणावं तर पाटी नव्हती आणि घर म्हणावं तर चूल नव्हती. तालुक्यातले निम्मे ट्रॅक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले, पण स्वतःची सायकलसुद्धा नाही. खांद्याला कॅनव्हासची पिशवी लावून ते वडापच्या जीपमधून येत, नेहमी मागच्या दाराजवळ बसून. मी त्यांना मिस्त्री म्हणायची, ते मला बाई.

ट्रॅक्टर आमच्या यांनी घेतला होता, कपाशीच्या ओळींतलं तण काढायला डवरणी करता यावी म्हणून. मग हे गेले. ट्रॅक्टर राहिला, पाच एकर राहिलं, आणि मी राहिले. मुलगा पुण्यात. दर रविवारी फोनवर एकच वाक्य: "आई, शेत मक्त्यानं दे आणि इकडं ये." त्याच्या बाजूनं सगळं बरोबर होतं. ट्रॅक्टर चालवायला मी शिकले होते, पण शेणखताची ट्रॉली भरून वावरात नेली की उतरवायला माणूस सापडायचा नाही. भरायला बाया यायच्या, त्या संध्याकाळी आपापल्या घरी जायच्या, आणि मी भरल्या ट्रॉलीशेजारी उभी. आदल्या वर्षी एक ट्रॉली अकरा दिवस तशीच उभी राहिली. तिच्यात वांग्याची दोन रोपं उगवली. मुलाला ते कुठून तरी कळलं. मग ठरलं की तो संक्रांतीला येणार, बघणार, आणि मला एकटीनं जमत नसेल तर उन्हाळ्याआधी शेत मक्त्यानं द्यायचं नि मी पुण्याला जायचं. म्हणून हा व्हॉल्व. आमच्या ट्रॅक्टरला ट्रॉली उचलणारं दाबाचं तेल मागं काढून द्यायची सोयच नव्हती. ती बसवली की ट्रॉली आपोआप उचलली जाणार, मला फक्त एक दांडी ओढायची. माझं इथलं राहणं त्या दांडीला टांगलं होतं.

मिस्त्री पहिल्यांदा आले ते दसऱ्याच्या आठवडाभर आधी. आल्या आल्या म्हणाले, "बाई, एखादं धुतलेलं धोतर असन तं द्या." मला वाटलं, कपडे बदलणार. मी यांचं एक धोतर काढून दिलं, शेवटचंच होतं. त्यांनी ते ओट्यावर चारी बाजूंनी ताणून अंथरलं आणि त्यावर व्हॉल्व, नट, रबरी वायसर, पाईपांची तोंडं अशी मांडली, जसं श्राद्धाचं पान वाढावं. एकही वस्तू मातीत ठेवली नाही. "याले धूळ चालत नाही," ते म्हणाले. "माणसाच्या डोळ्यात कचरा गेला तं तो रडते तरी. याले रडता बी येत नाही." धोतरावर तेलाचे डाग पडत होते आणि मी ते बघत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग धोतराकडं. "कोनाचं व्हतं?" मी सांगितलं. त्यांनी काम थांबवलं, पिशवीतून स्वतःचा टॉवेल काढला आणि एकेक वस्तू उचलून त्यावर घेतली. धोतर घडी घालून परत दिलं. डाग काही गेले नाहीत, मीही घालवले नाहीत.

मी मात्र शिक्षिका. शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांना दाबाचा नियम समजावायला लागले. उदाहरणासकट. त्यांनी पाना खाली ठेवून, मान हलवत सगळं ऐकून घेतलं. माझ्या आठवीच्या वर्गात एवढा सज्जन विद्यार्थी कधी नव्हता. माझं झाल्यावर म्हणाले, "खरं हाय बाई. दाब सगळीकडं सारखाच. पन फुटते तिथंच, जिथं कच्चं असते." हे माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. मी खुर्ची उचलून आत गेले आणि चहा टाकला.

काम करण्याची त्यांची एक शिस्त होती. इंजिन बंद, ट्रॅक्टरचे औजार उचलणारे मागचे हात खाली टेकवलेले, मग दांडी दोन्हीकडं हलवून आत अडकलेला दाब काढून टाकायचा. "आधी राग उतरू द्याचा, मंग हात लावाचा." एक पाईप पंपाकडून येणारा, एक टाकीकडं परत जाणारा, ते प्रत्येकावर वेगळ्या रंगाचा दोरा बांधत, आणि नट आवळण्याआधी तो पाईप पुन्हा शेवटापर्यंत बोटानं चाचपत जात. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळं जोडून इंजिन सुरू केल्यावर कुठं गळतंय का हे बघायला मी हात पुढं केला, तर त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठा काढून माझ्या हातापुढं धरला. "बोट नाही. पुठ्ठा. ही धार सुईवानी आत जाते, रगत बी येत नाही अन् हात जाते." पुठ्ठा पाईपाभोवती फिरवला. कोरडा होता.

आणि मग त्यांनी ते केलं, ज्यासाठी लोक त्यांना हसायचे. दांडीला हात घालण्याआधी ते वाकले, ट्रॉलीखाली पाहिलं, उठले आणि मोठ्यानं ओरडले, "खाली कोण हाय?" आवारात आम्ही दोघंच. मी समोर उभी, ते दांडीपाशी. खाली कोण असणार? पण ते थांबले. खरोखर उत्तराची वाट पाहत थांबले, मान तिरकी करून. कोणी बोललं नाही, तेव्हा दांडी ओढली. मला हसू आलं. मी म्हटलं, "मिस्त्री, कोणी 'मी हाय' म्हटलं तर?" ते म्हणाले, "तं लय बरं होईन बाई."

जेवायला मी ताट वाढलं होतं. ते नको म्हणाले. मोठ्या चाकाच्या सावलीत बसून आपला डबा उघडला, भाकर आणि ठेचा, तोंड टायरकडं करून. मी म्हटलं, निदान ओट्यावर तरी या. "नाही बाई, एकल्यानं खाची सवय हाय. कोनी समोर असलं का घास मोठा होऊन राह्यते." ते वाक्य मला तेव्हा गमतीचं वाटलं. मी स्वतः रात्री देवघरासमोर ताट घेऊन बसत होते आणि देवांना सांगत होते की भाजीत मीठ कमी झालंय. पण ते वेगळं, असं मला वाटायचं.

तर आता पुन्हा दसऱ्याकडं येते. ट्रॉली आकाशाकडं तोंड करून उभी, रस्त्यावर जत्रा, आणि मी मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टोपनं लावूनच ठेवली होती नं?" मी म्हटलं, हो हो. तीस वर्षं मुलांच्या खोट्या सबबी ऐकल्या होत्या, एखादी माझ्या वाट्याला यायला काय हरकत? ते म्हणाले, "काही करू नका. इंजन बंद करा. मी निघलो."

पण सणाचा दिवस. जीप मिळायला त्यांना वेळ लागणार. तोवर ही बातमी पुण्याला पोचली तर? गावातली दोन पोरं मुलाच्याच कंपनीत होती, फोटो जायला कितीसा वेळ लागतो? मला वाटलं, पाईपच तर अडकलाय, खाली वाकून जरा सैल केला की झालं. शास्त्राची बाई ना मी. यांच्या पेटीतला पाना घेतला आणि वर उचललेल्या ट्रॉलीच्या खाली शिरले. पूर्ण शिरले, पदर खोचून.

"बाहेर! बाई, बाहेर या! बाहेर!"

एवढा आवाज त्या माणसात असेल असं मला वाटलं नव्हतं. ते फाट्यावर उतरून धावत आले होते, पिशवी रस्त्यातच पडलेली. मी बाहेर आले. ते ट्रॉलीकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते, आणि तिथंच मातीत बसले. सोनं वाटायला आलेली माणसं एकेक करून निघून गेली. मी पाणी आणलं. त्यांनी घेतलं नाही.

मग उठले. आधी सागाचा एक जाड ओंडका आणून ट्रॉलीच्या सांगाड्याखाली उभा टेकवला, हलवून पाहिला, आणि त्यानंतरच पाईपाकडं गेले. थोडा थोडा दाब सोडत पाईप काढला, त्याचं तोंड उघडून टॉवेलवर आपटलं. कुंकवाचा लाल चिखल आणि त्यात तांदळाचा एक दाणा, तेलात फुगलेला. मी ओरडा ऐकायच्या तयारीनं उभी होते. त्यांनी तो दाणा बोटावर घेतला. मग म्हणाले, "देवाले कपाळ असते बाई, म्हनून कुंकू लावते. याले तोंड हाय. तोंडात जे टाकान ते पोटात जाते."

सगळं धुऊन, जुनं तेल काढून, नवं भरून होईपर्यंत दुपार कलली. ओंडका काढायच्या आधी त्यांनी ट्रॉलीखाली पाहिलं, पण या वेळी ओरडले नाहीत. बसल्या आवाजात मला म्हणाले, "माह्या लहान भावाले मी इचारलं नव्हतं." मला कळलं नाही. ते सांगत गेले, तेही माझ्याकडं न बघता. दोघा भावांचं मिळून काम होतं. भाऊ ट्रॉलीखाली ग्रीस लावत होता. मिस्त्रींना वाटलं, तो चहाला गेला. त्यांनी दांडी उलटी केली, वर उचललेली ट्रॉली खाली बसली. "एवढंच," ते म्हणाले. "इचारलं असतं तं 'मी हाय' म्हटलं असतं त्यानं." भावजय तिची लहान पोर घेऊन माहेरी गेली. तिनं कधी दोष दिला नाही, पण नंतर दाराशीही येऊ दिलं नाही. तेव्हापासून ते त्या खोलीत.

मी आत जाऊन दोन ताटं वाढली आणि दोन्ही ओट्यावर आणून ठेवली. ते जेवले. दसऱ्याचा दिवस होता, पुरणपोळी होती. आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता जेवलो, पण समोरासमोर.

संक्रांतीला मुलगा आला. मी त्याला वावरात नेलं, सीटवर बसले, आणि दांडीला हात घालण्याआधी माझ्याही तोंडून निघालं, "खाली कोण हाय?" पोरगा हसला. "आई, आहे कोण इथं?" मी म्हटलं, "थांब जरा." थांबले. मग दांडी ओढली. ट्रॉली उचलली गेली, खताचा ढीग सळसळत खाली आला, दांडी उलटी केली, ट्रॉली बसली. चिमणीएवढीही मदत लागली नाही. त्यानं आपल्या हातानं दुसरी खेप उतरवून पाहिली. मग म्हणाला, "जमतंय तुला. राहा." आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं गेला.

मी जिंकले. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी जिंकलेल्या वस्तूंची मोजदाद केली: एक ओटा, एक आवार, एक ट्रॅक्टर, पाच एकर. सांगायचं कोणाला? पोराला फोन करून 'मी जिंकले' म्हणता येत नव्हतं, कारण हरला तोच होता.

आता दुसरी कबुली. व्हॉल्व नीट चालत होता. इतका नीट, की मिस्त्रींना बोलवायला कारणच उरलं नाही. होळी गेली, मृगाच्या पेरण्या झाल्या. मग एक दिवस मी यांच्या पेटीतला पाना घेतला, इंजिन बंद करून, दांडी दोन्हीकडं हलवून, राग उतरवून, सगळं शिस्तीत, परतीच्या पाईपाचा नट अर्धा आटा ढिला केला. जमिनीवर तेलाचे दोन थेंब पडले. मी फोन केला, "मिस्त्री, गळून राह्यलं." ते आले. पुठ्ठा फिरवला, नट आवळला, चहा घेतला. चहाबरोबर गोष्टी. नेरकडचा एक जुना ट्रॅक्टर कसा थंडीत रुसून बसतो, झरीच्या जंगलातल्या एका गावात रस्ता संपल्यावर ते सहा कोस चालत कसे गेले. ट्रॅक्टरांबद्दल ते नातेवाइकांसारखं बोलत. माणसांबद्दल फारसं नाही. जेवण मात्र आता ओट्यावर, माझ्यासमोर.

असं दर दीड महिन्यानं गळू लागलं. पुढं दर महिन्याला. म्हातारपणी मी एवढी लबाड निघेन, असं माझ्या आठवीच्या पोरांना वाटलं नसतं. दरवेळी ते गुडघ्यावर बसून नट बघत आणि मी आकाशाकडं बघत असे, पाऊस येतो का ते.

काही वर्षं अशी गेली. मग त्यांचे हात थरथरू लागले, थांबायचं नाव नाही. पाना नटावर बसेना. शेवटी शेवटी ते नुसते शेजारी बसत आणि मी आवळत असे. "अजून पाव. बस. जास्त झालं तं आटे खाते."

एके दिवशी ते न बोलावता आले. त्यांच्या पुतणीनं, त्याच भावाच्या मुलीनं, त्यांचा नंबर शोधून फोन केला होता. तिचं लग्न होऊन ती यवतमाळला होती. ती म्हणाली होती, काका, खोली सोडा, माझ्याकडं या. हे सांगताना त्यांनी मला फोन उघडून तिचा नंबर दाखवला, जसा काही तो पुरावा होता. "काका म्हटलं तिनं," ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

यवतमाळ काही लांब नाही. पण ते परत आले नाहीत, आणि मीही गेले नाही. जाऊ जाऊ म्हणत सोयाबीन काढणी यायची, मग तूर. मग पुतणीचाच फोन आला, की झोपेतच गेले. त्या दिवशी मी ट्रॅक्टर सुरू केला नाही. ओट्यावर दोन ताटं वाढली, आणि दुसरं उचलताना फार वेळ लागला.

पण मला लिहायचंय ते त्यांच्या शेवटच्या दिवसाचं, आमच्या अंगणातल्या. ते न बोलावता येतील हे मला काय माहीत? मी नेमका आदल्याच दिवशी नट ढिला करून ठेवला होता, फोन करायचा बाकी होता. त्यांनी सवयीनं ट्रॅक्टरला चक्कर मारली आणि तेलाचे थेंब पाहिले. पाना माझ्या हातात दिला. मी आवळला. त्यांनी पुठ्ठा फिरवला, कोरडा. मग तो पुठ्ठा पिशवीत न ठेवता माझ्या ट्रॅक्टरच्या सीटखाली सरकवला. चहा झाला. पलीकडच्या वावरातली म्हातारी धुऱ्यापाशी, दोन शेतांमधल्या बांधावर, उभी राहून आमच्याकडं बघत होती. ती रोजच तशी बघत असे. तिचं नि माझं धुऱ्यावरच्या एका बाभळीवरून बोलणं बंद होतं, मला वाटतं नऊ वर्षं. मी तिच्याकडं पाठ करून बसले होते.

फाट्यावर जीप आली. मी पोचवायला गेले. ते नेहमीसारखे मागच्या दाराजवळ बसले, पिशवी मांडीवर घेतली. मी म्हटलं, "मिस्त्री, आता गळलं तर कोणाला बोलवू?" ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. जीप हलता हलता ते जे म्हणाले, ते शब्दाला शब्द लिहिते:

"नट आता ढिला करू नका बाई, आटे झिजून राह्यले. त्या धुऱ्यावरच्या बुढीले चहाले बोलवत जा. तेबी एकलीच हाय, अन् तिच्यापाशी तं ढिला कराले नट बी नाही."